पार्श्वभूमी : स्पिन कोटिंगच्या थरावर रेघा का उठतात

स्पिन कोटिंग म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चकतीवर द्रव टाकून त्याचा पातळ थर पसरवणे. अशा फिरत्या चकतीवरच्या द्रवाचे गणित १९५८ मध्ये मांडले गेले. त्यात बाष्पीभवन नव्हतेच. द्रव सुरुवातीला कसाही पसरलेला असो, फिरता फिरता थर सपाट होत जातो, असे ते गणित सांगत होते. बाष्पीभवन हिशोबात आले ते १९७८ मध्ये आणि जाडीचा प्रश्न बराचसा मार्गी लागला. रेघांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

धुळीच्या कणामागे शेपटीसारखे उमटणारे डाग (धूमकेतू) आणि कडेला साचणारा जाड काठ यांच्या कारणांवर फारसा वाद नाही. वाद आहे तो स्ट्रिएशनवर. केंद्राकडून कडेकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या जाणाऱ्या या रेघांची उंची बहुधा काही दहा नॅनोमीटर असते. वेफर, म्हणजे थर चढवलेली चकती, दिव्याखाली तिरका धरला की रंगांच्या पट्ट्यांतून त्या लगेच दिसतात. बरीच वर्षे दोष फिरण्यालाच दिला गेला: वेग, त्वरण, वरून वाहणारी हवा.

वेफरच्या मध्यभागी नीट पाहिले तर हे पटत नाही. तिथे बाहेरचा प्रवाह अगदी मंद असतो, तरी बहुकोनी घरे उमटलेली असतात. कडेकडे जाताना तीच ताणली जाऊन रेघा होतात. म्हणजे मूळ कारण बाष्पीभवनात आहे. थरातला पदार्थ ज्यात विरघळवलेला असतो त्या द्रावकांपैकी कमी पृष्ठताणाचा (पृष्ठभाग आकसून घेण्याची ओढ कमी असलेला) द्रावक आधी उडाला की पृष्ठभागावर जास्त ताणाचा द्रव उरतो. खालून ताजा द्रव जिथे वर येतो तिथला ताण कमी पडतो, आजूबाजूचा पृष्ठभाग त्याला खेचून घेतो आणि उंचसखलपणा वाढत जातो. उलट, जास्त ताणाचा द्रावक आधी उडेल असे मिश्रण निवडले तर पृष्ठभाग शांत राहतो. पृष्ठभागावर आधीच घट्ट साय धरते, असाही एक पक्ष आहे. काही पॉलिमरांत तिचाही वाटा असेल, पण मधल्या घरांकडे पाहता मला पहिलेच कारण जास्त पटते. रेघा दिसताच आधी वेगाचे बटण फिरवण्याची सवय मात्र अजून सुटलेली नाही.

हवेची बाजू पूर्ण चुकीची नव्हती. ३०० मिलिमीटरच्या वेफरवर मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांच्या पुढे कडेजवळची हवा खवळू लागते आणि जाडी बिघडते.

२०१४ च्या सुमारास पेरोव्स्काइटच्या (सौरघटांत वापरल्या जाणाऱ्या एका स्फटिकी पदार्थाच्या) थरांसाठी फिरत्या थरावरच प्रतिद्रावक, म्हणजे ज्यात तो पदार्थ विरघळत नाही असा द्रव, टाकण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा प्रश्नाचे रूप बदलले. त्याने द्रावण एकाएकी अतिसंपृक्त होते, म्हणजे त्यात मावेल त्यापेक्षा जास्त पदार्थ विरघळलेला राहतो, आणि स्फटिकांची असंख्य केंद्रे एकदम तयार होतात. केंद्रे कमी पडली तर स्फटिक मोठे आणि विरळ वाढतात, मध्ये पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रे, राहतात. प्रतिद्रावक टाकण्याची योग्य वेळ बऱ्याच मिश्रणांत जेमतेम काही सेकंदांची असते.