कॅम बदलला की स्प्रिंगचं गणितही बदलतं

सुरुवातीच्या अनेक मोटारींत इनलेट व्हॉल्व्हला (हवा-इंधन आत घेणाऱ्या झडपेला) कॅमच, म्हणजे झडप ढकलून उघडणारी अंडाकृती फिरती चकतीच, नसे. पिस्टन खाली जाताना जी ओढ तयार होई, तिनेच व्हॉल्व्ह उघडे आणि एक हलकी स्प्रिंग तो मिटवी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इनलेटलाही कॅम आला, फेरे वाढले आणि सगळा भार स्प्रिंगवर आला.

व्हॉल्व्ह, टॅपेट (कॅमवर टेकणारा ठोकळा), रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) यांचं जडत्वबल वेगाच्या वर्गाने वाढतं. ४००० आरपीएमचं (मिनिटाला फेऱ्यांचं) इंजिन ५००० वर नेलं, तर वेग २५ टक्के वाढतो, पण बल ५६ टक्के. स्प्रिंग कमी पडली की टॅपेट कॅम सोडून उडतो. त्यातच स्प्रिंगची स्वतःची कंपनं मिसळली, तर वेटोळी एकमेकांवर आपटून तुटतात. यावर एकात एक बसणाऱ्या दोन स्प्रिंगा आल्या. फेरारीच्या सुरुवातीच्या व्ही-१२ इंजिनांत केसाच्या पिनेसारख्या स्प्रिंगा होत्या. १९५४ च्या मर्सिडीझ डब्ल्यू-१९६ ने तर स्प्रिंगच काढून टाकली आणि व्हॉल्व्ह मिटवायचं कामही कॅमलाच दिलं.

जास्त लिफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक उघडणारे, कॅम हा रस्त्यावरच्या गाड्यांची ताकद वाढवायचा सोपा मार्ग. जॅग्वारच्या १९४८ च्या एक्सके इंजिनात मूळ लिफ्ट ५/१६ इंच होती. पुढे ३/८ इंचाचे कॅम मिळू लागले. आज जुन्या गाडीला नवा कॅम मिळतोच असं नाही, म्हणून मूळ कॅमच घासून घेतात. खरी अडचण इथे आहे. कॅमच्या नाकावर (सर्वात उंच भागावर) धातू वाढवता येत नाही, म्हणून पाठीचं (नाकासमोरच्या गोल भागाचं) वर्तुळ लहान करतात. कॅमवर १ मिमी जास्त लिफ्ट हवी तर पाठ किमान १ मिमी खाली जाते. टॅपेट तेवढाच खाली बसतो, फट जुळवणारा अॅडजस्टर स्क्रू पुरत नाही, लांब पुशरॉड (टॅपेट ते रॉकरची दांडी) लागतो. घासताना कठीण थर संपला आणि कॅम पुन्हा कठीण केला नाही, तर तो लवकरच गोल होतो.

पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मिळून साधारण १.५ मिमी फट उरली पाहिजे. रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) व्हॉल्व्ह गाइडच्या (व्हॉल्व्ह सरकतो त्या नळीच्या) सीलला टेकतो का, तेही बघा. पिस्टनवर मळलेली माती ठेवून हाताने दोन फेरे द्या आणि ठसा कापून मोजा: पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये इनलेटला २ आणि एक्झॉस्टला (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) २.५ मिमी हवेत. फक्त टीडीसीवर (पिस्टन सर्वात वर असताना) मोजू नका. इनलेट त्यानंतर सुमारे १० अंशांवर सर्वात जवळ येतो आणि एक्झॉस्ट तितकाच आधी.

जाड स्प्रिंग घालून निश्चिंत होणं मला तरी पटत नाही. कमी वेगात जडत्व मदतीला नसतं, त्यामुळे स्प्रिंगचा पूर्ण दाब कॅमच्या नाकावर येतो. नवा कॅम आयडलिंगवर सर्वात लवकर खराब होतो तो म्हणूनच. शिवाय क्रॅंकवरून उडणारं तेलही तेव्हा कमी असतं. सपाट टॅपेटला जस्त-फॉस्फरसयुक्त तेल लागतं. आधुनिक तेलांत हे प्रमाण कमी केलं आहे, कारण फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडतो. दुहेरी स्प्रिंग असेल तर आतली काढा, कॅमच्या नाकांना असेंब्ली पेस्ट लावा, इंजिन सुरू होताच २००० आरपीएमवर न्या आणि २० मिनिटं तिथेच ठेवा. मग क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) पुन्हा मोजून आतली स्प्रिंग बसवा.