खुन्याने उसनं घेतलेलं नाव

फेब्रुवारी २००२. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, बोझमन गावी, मायकेल फिंकेलच्या घरचा फोन वाजला. पलीकडे ऑरेगनमधल्या एका दैनिकाचा बातमीदार होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या मासिकात फिंकेलने लिहिलेला लेख बनावट निघाला होता. तसा खुलासा छापून यायच्या बेतात होता, आणि मासिकाने त्याच्याशी संबंध तोडले होते. चोराच्या मनात चांदणं! हा त्या लेखाबद्दलच विचारणार, असं फिंकेलला वाटलं. बातमीदाराने विचारलं ते खुनाबद्दल. ख्रिश्चन लोंगो नावाचा माणूस बायको आणि तीन मुलांच्या खुनाच्या आरोपाखाली मेक्सिकोत पकडला गेला होता, आणि पकडला जाईपर्यंत तिथे तो 'न्यूयॉर्क टाइम्सचा मायकेल फिंकेल' म्हणून मिरवत होता.

कुणा थ्रिलर लेखकाने हे रचलं असतं, तर वाचकाने पुस्तक मिटून ठेवलं असतं. पण हे घडलं. त्यावर फिंकेलने २००५ मध्ये 'ट्रू स्टोरी' हे पुस्तक लिहिलं आणि २०१५ मध्ये रूपर्ट गूल्डने त्याच नावाचा चित्रपट काढला. जोनाह हिल पत्रकार झाला, जेम्स फ्रँको खुनी. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्याच्या मनात बहुधा एवढंच राहतं की नाव गमावलेला पत्रकार खुनाचा छडा लावतो. खरं तर छडा लावायला फारसं काही उरलं नव्हतं, पोलिसांनी माणूस पकडलाच होता. खुनापेक्षा मला त्या बनावट लेखाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण चित्रपटात ती सुरुवातीलाच उरकली जाते.

२००१ साली पश्चिम आफ्रिकेतली कोको शेती अमेरिकेत एकदम चर्चेत आली होती. आयव्हरी कोस्टच्या मळ्यांवर मुलांना गुलाम म्हणून राबवतात आणि आपण खातो ते चॉकलेट त्यातून येतं, अशा बातम्यांचा सपाटा चालला होता. सप्टेंबरात चॉकलेट कंपन्यांनी अमेरिकी खासदारांच्या पुढाकाराने एका करारावर सह्याही केल्या. फिंकेल गेला तो हीच गोष्ट आणायला. तिथे त्याला माली देशातून आलेली गरीब पोरं भेटली. हाल होते, पैसे मिळत नव्हते किंवा फार कमी मिळत होते. पण गुलामगिरीच्या कहाण्या त्याला बऱ्याचशा पढवल्यासारख्या वाटल्या. पाहुणा पत्रकार आला की त्याला हवं ते सांगायचं, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. म्हणजे गरिबी खरी होती, फक्त तिला चिकटवलेलं लेबल घाईचं होतं. ही बातमी मूळ बातमीपेक्षा मोठी होती.

पण ती लिहायला अवघड. संपादकांनी सुचवलं, एका मुलावर लिही. फिंकेलजवळ एका मुलाची तेवढी माहिती नव्हती, मग त्याने चार-पाच जणांचं ऐकलेलं एकाच्या तोंडी घातलं. खऱ्या मुलाचं खरं नाव, आयुष्य मात्र अनेकांचं. १८ नोव्हेंबर २००१ ला लेख आला. पुढे 'सेव्ह द चिल्ड्रन' संस्थेच्या लोकांनी शोध घेतला, तर लेखातल्या फोटोतला मुलगा भलताच निघाला. दोरा तिथून सुटला. २१ फेब्रुवारी २००२ ला संपादकांचा खुलासा छापून आला.

'एक चेहरा द्या' ही मागणी काही फिंकेलच्या संपादकांनी शोधली नव्हती. आपल्याकडच्या पुरवण्यांतही दुष्काळाचा लेख कुणा एका शेतकऱ्याच्या अंगणातच सुरू होतो. अमेरिकी मासिकांत १९६०च्या दशकापासून पत्रकारितेत कादंबरीची तंत्रं आली आणि ही मागणी पक्की झाली. १९६६ मध्ये कादंबरीकार ट्रूमन कपोटीने कॅन्ससमधल्या एका कुटुंबाच्या हत्येवर पुस्तक लिहिलं. त्यातला कब्रस्तानातला शेवटचा प्रसंग त्याने मनाने रचला होता. १९७१ मध्ये गेल शीहीने 'न्यूयॉर्क' मासिकात एका वेश्येची कथा लिहिली. ती अनेकींची मिळून एक होती, आणि ते सांगणारा मजकूर छापताना गाळला गेला.

मग आली जेनेट कुक. सप्टेंबर १९८० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या पहिल्या पानावर तिने हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कथा लिहिली. शहरभर पोलीस त्या मुलाला शोधत फिरले. एप्रिल १९८१ मध्ये कुकला पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि दोनच दिवसांत परत करावं लागलं, कारण मुलगा नव्हताच. १९९८ मध्ये 'द न्यू रिपब्लिक' साप्ताहिकाचा स्टीफन ग्लास मनाने रचलेल्या लेखांसाठी पकडला गेला. फिंकेलनंतर सव्वा वर्षाने, मे २००३ मध्ये, खुद्द 'टाइम्स'मधून बातमीदार जेसन ब्लेअरला बनावट बातम्यांमुळे जावं लागलं. कुक आणि ग्लास यांनी माणसंच निर्माण केली. फिंकेलने खरी माणसं एकत्र कालवली. त्याचा गुन्हा त्यामुळे थोडा लहान ठरतो असं मला वाटतं, पण ज्या मुलाचं नाव त्यात वापरलं गेलं, त्याला हा फरक कोण समजावणार?

तर असा हा माणूस, आणि त्याचं नाव उसनं घेणारा लोंगो. फिंकेलने त्याला ऑरेगनमधल्या न्यूपोर्टच्या तुरुंगात पत्र पाठवलं. मग दर आठवड्याला फोन, शेकडो पानांची पत्रं. दोघांनाही एकमेकांची गरज होती: एकाला गेलेलं नाव परत हवं होतं, दुसऱ्याला ऐकणारा कान. पत्रकार आणि खुनी यांच्यातल्या अशा दोस्तीचा वाईट शेवट अमेरिकेने आधीच पाहिला होता. जेफ्री मॅकडोनाल्ड या डॉक्टरवर बायको आणि दोन मुलींच्या खुनाचा खटला चालला, तेव्हा लेखक जो मॅकगिनिस त्याचा मित्र म्हणून बचाव पक्षासोबत राहिला, आणि १९८३ च्या पुस्तकात त्याने त्याला खुनी ठरवलं. मॅकडोनाल्डने तुरुंगातून दावा लावला आणि तडजोडीत सव्वातीन लाख डॉलर मिळवले. पत्रकार जॅनेट माल्कमने त्या प्रकरणावर लिहिलेलं छोटं पुस्तक आजही पत्रकारितेच्या वर्गांत वाचलं जातं.

लोंगोने २००३ च्या खटल्यात चारपैकी दोन खून कबूल केले, उरलेल्या दोन मुलांना बायकोने मारलं असं सांगितलं. ज्युरींना ते पटलं नाही. फाशीची शिक्षा झाली. वर्षभर फोनवर बोलूनही फिंकेलला खरं काय ते कळलं नव्हतं. चारही खून आपणच केले, हे लोंगोने त्याच्याजवळ कबूल केलं ते आणखी काही वर्षांनी, मृत्युदंडाच्या कोठडीतून. डिसेंबर २०२२ मध्ये ऑरेगनच्या गव्हर्नर केट ब्राऊन यांनी राज्यातल्या १७ जणांची फाशी रद्द करून जन्मठेप केली. त्यात लोंगोही होता.

फिंकेल पुन्हा लिहू लागला. २०१७ मध्ये मेन राज्याच्या जंगलात २७ वर्षं एकटा राहिलेल्या माणसावर, २०२३ मध्ये युरोपातल्या संग्रहालयांतून शेकडो वस्तू चोरणाऱ्या एका फ्रेंच तरुणावर. दोन्ही पुस्तकांत पुन्हा एकेकच चेहरा आहे, पण या वेळी त्या माणसांची नावं आणि त्यांची आयुष्यं त्यांचीच आहेत.