गर्भनिरोधक गोळीने डायबिटीस होतो? आधी मात्रा बघा

‘गोळ्या सुरू केल्यास ना, मग साखर वाढलीच समज!’ गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल लालबागच्या चाळीपासून विरारच्या लेडीज डब्यापर्यंत हे आजही ऐकू येतं. भीतीचं मूळ जुन्या गोळीत आहे. 1960 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन हे हार्मोन 150 मायक्रोग्रॅम होतं. आपल्या सरकारी दवाखान्यातल्या माला-एन या गोळीत 30 आहे.

आता काहीच होत नाही, असंही नाही. गोळीतल्या प्रोजेस्टिन या दुसऱ्या हार्मोनमुळे पेशी इन्सुलिनला थोडी कमी दाद देतात, मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून भरपाई करतं. त्यामुळे तपासणीत 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावरची साखर किंचित चढू शकते. उपाशीपोटीची सहसा जागेवर राहते. एरवी निरोगी बाईला यातून डायबिटीस जडतो, याला पुरावा नाही.

आईवडिलांना डायबिटीस असेल, स्वतःला पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल तर गोळी सुरू करण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी ही रक्ततपासणी करून घ्या. एचबीएवनसी पुन्हा 3 महिन्यांनी. पंधरा दिवसांत केली तर पैसे वाया, कारण तिच्यात मागच्या 2-3 महिन्यांची सरासरी दिसते.

डायबिटीस आधीच आहे? गुंतागुंत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी चालते. डोळ्यांचा पडदा, किडनी किंवा नसांवर परिणाम झाला असेल, किंवा आजार 20 वर्षांहून जुना असेल, तर इस्ट्रोजेनची गोळी टाळतात. तिथे खरी भीती साखरेची नाही, रक्ताच्या गुठळीची. म्हणून बीपीही मोजायचंच.

आणि माला-एनच्या पाकिटातल्या शेवटच्या 7 तपकिरी गोळ्या? त्या लोहाच्या. त्यांच्यात हार्मोन नसतंच.