एएनएम : बाळंतपणासाठी आखलेला कोर्स आणि आजची नोकरी

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: एएनएम (सहाय्यकारी परिचारिका प्रसविका) करू की जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका पदविका)? सल्ला देणारे बहुधा फी आणि वर्षे मोजून मोकळे होतात. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, घरची ओढाताण असेल तर पहिला बरा. पण एएनएम हा जीएनएमचा आखूड अवतार म्हणून कधी आखलाच नव्हता. तो कशासाठी सुरू झाला हे पाहिले, की या मुलींना काम रगड आणि पक्की नोकरी दुर्मीळ असे का झाले, ते कळते.

सुरुवात देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीपासून करावी लागते. १९४६ च्या अहवालात समितीने मांडलेले आकडे आजही अंगावर येतात. ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सेस सुमारे ७,०००, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. प्रशिक्षित सुईणी जेमतेम ५,०००. बाळंतपणे होत होती ती घरात, प्रशिक्षण नसलेल्या सुईणीच्या हातून. पांढरपेशा घरांतून मुली या पेशात येत नसत. परक्या पुरुषाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे कुणाला चालणार? पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनने मुलींना, त्यांतल्या विधवांनाही, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवले ते या वातावरणात. धाडस मोठे होते, पण त्यातून तयार झालेल्या नर्सेस शहरातल्या इस्पितळांना पुरणे मुश्कील. खेड्याला कुठून मिळणार?

म्हणून १९५१ च्या सुमारास देशात सहाय्यकारी परिचारिका प्रसविका, म्हणजे एएनएम, हा दोन वर्षांचा कोर्स सुरू झाला. सातवी-आठवी शिकलेली मुलगी घ्यायची, तिला बाळंतपण आणि माता-बालसंगोपन शिकवायचे आणि खेड्यात पाठवायचे. पुढच्याच वर्षी समाजविकास योजना आली, तिच्या मागोमाग प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली आणि या मुलींना जागा मिळाली. गावाने त्यांना ‘नर्सबाई’ म्हटले. शिक्षण कमी असले तरी अडलेल्या बाळंतिणीजवळ बसण्याइतका हात त्यांना होता.

हा हात नंतर सुटत गेला. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने वेगवेगळ्या रोगांसाठीचे वेगवेगळे कर्मचारी एकत्र करून बहुउद्देशीय कर्मचारी नेमायला सांगितले. एएनएमची ‘आरोग्य सेविका’ झाली आणि तिच्या पिशवीत बाळंतपणासोबत मलेरियाच्या गोळ्या आणि कुटुंबनियोजनाचे उद्दिष्टही आले. आणीबाणीत आणि नंतरही नसबंदीच्या किती केसेस आणल्या यावर तिचे मोल ठरे. ही उद्दिष्टपद्धत अधिकृतपणे १९९६ मध्ये गेली. दरम्यान १९७७ मध्ये कोर्स १८ महिन्यांवर आला आणि प्रवेशाला दहावी लागू लागली. म्हणजे काम वाढले आणि शिकायचा वेळ घटला. माझ्या मते या पदाचे सगळ्यात मोठे नुकसान झाले ते इथे.

१९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणाची भर पडली. हे काम बाहेरून सोपे दिसते. प्रत्यक्षात आरोग्य केंद्रातून आइस पॅक लावलेला व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लस थंड ठेवणारा डबा, उचलायचा आणि वाडीवर पोहोचायचे. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची लस द्रावण मिसळून तयार केली की ती वेळ कुपीवर लिहायची आणि चार तासांनी उरलेले डोस टाकून द्यायचे. एका बाळासाठी कुपी फोडायची की आणखी दोघी येईपर्यंत थांबायचे, हा हिशेब तिचाच. शिवाय संध्याकाळी रजिस्टर भरायचे, आता ऑनलाइन नोंदीही करायच्या.

नोकरीच्या दृष्टीने खरे वळण २००५ चे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या गावपातळीवरच्या उपकेंद्राला दुसरी एएनएम मिळाली, पण कंत्राटी. एकाच उपकेंद्रात एक जिल्हा परिषदेची कायम सेविका आणि दुसरी अकरा महिन्यांच्या आदेशावर, काम तेच. त्याच वर्षी जननी सुरक्षा योजनेने बाळंतपणे दवाखान्याकडे वळवली. ते योग्यच होते, पण कोर्स ज्या कामासाठी जन्मला ते उपकेंद्रातून आणखी कमी झाले. २०१३ मध्ये शहरी आरोग्य अभियान सुरू झाले, दहा हजार लोकसंख्येमागे एक एएनएम असे प्रमाण ठरले आणि महापालिकांतही जागा निघाल्या. त्याही बहुतेक कंत्राटीच. कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांचा २०२३ अखेरचा संप सेवेत कायम करा याच मागणीसाठी होता. जिल्हा परिषदांची २०१९ ची भरती रखडत रखडत रद्द झाली, आणि १९,४६० पदांची नवी जाहिरात निघायला ऑगस्ट २०२३ उजाडला. तोवर कितीतरी मुलींची वयोमर्यादा जवळ येऊन ठेपली होती.

अभ्यासक्रम मात्र सुधारला. २०१२-१३ पासून तो पुन्हा दोन वर्षांचा आहे, त्यात सहा महिने इंटर्नशिप, आणि प्रवेशाला बारावी, कोणत्याही शाखेची. अडचण पुढच्या पायरीची आहे. एएनएम झालेल्या मुलीला जीएनएमला प्रवेश मिळतो, पण तिथे पहिल्या वर्षापासूनच सुरुवात. अमेरिकेत साधारण वर्षभराच्या प्रशिक्षणावर लायसन्स मिळवणाऱ्या प्रॅक्टिकल नर्सला पूर्ण नर्स होण्यासाठी खास जोडअभ्यासक्रम असतात, आधी शिकलेले त्यात धरले जाते. आपल्याकडे सरकारी सेविकेला फार तर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन आरोग्य सहायिका, म्हणजे सेविकांची पर्यवेक्षिका, होता येते. २०१८ नंतर उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आले, तेव्हाही त्या पदासाठी बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग अशी पात्रता मागितली गेली. वीस वर्षे तेच उपकेंद्र चालवलेल्या बाईंच्या वर पंचविशीतला अधिकारी बसला.

उरतात खासगी दवाखाने. तिथे मागणी सतत आहे, पण एएनएम झालेली आणि काहीच न शिकलेली, दोघींनाही ‘सिस्टर’ म्हणतात आणि पगारातही फारसा फरक नसतो. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी कॉलेजला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे तपासायलाच हवे. या परिषदेची नोंदणी नसेल तर सरकारी जाहिरातीत अर्ज कागदपत्रांच्या टप्प्यावरच बाद होतो. आणि परदेशाचा विचार असेल, तर आखातात काय किंवा ब्रिटनमध्ये काय, नर्स म्हणून नोंदणीला जीएनएम किंवा पदवीच लागते. ते आधीच ठरवून टाकलेले बरे.