नेक-ऑन स्विच

तीन पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग) असलेल्या स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये नेककडचा, म्हणजे मानेकडचा, पिकअप केव्हाही चालू करता यावा, म्हणून बसवलेला जादा स्विच. पिकअप निवडणारा मुख्य स्विच कोणत्याही खटक्यावर (दांडी थांबते त्या जागेवर) असला तरी हा दाबताच नेक पिकअप त्यात सामील होतो. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिलमूर यांच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर असा स्विच होता, त्यामुळे ‘गिलमूर मॉड’ (मॉड म्हणजे गिटारमधला फेरबदल) हे नावही रूढ आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये घेतलेली ही गिटार जून २०१९ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला विकली गेली.

कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये बाजारात आणली. तिच्यात ब्रिज (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या जागेलगतचा), मधला आणि नेक असे तीन पिकअप होते, पण स्विचला खटके तीनच, म्हणजे एका वेळी एकच पिकअप वाजणार. वादकांनी लवकरच ओळखले, की दांडी दोन खटक्यांच्या मधोमध अडकवली तर शेजारचे दोन पिकअप एकदम वाजतात आणि आवाज पोकळ, घंटेसारखा चमकदार येतो. कंपनीने १९७७ मध्ये पाच खटक्यांचा स्विच देऊन या युक्तीला अधिकृत जागा दिली. तरीही तीन पिकअपमधून सात जुळण्या निघतात आणि पाच खटक्यांत दोन राहूनच जातात : ब्रिज आणि नेक एकत्र, आणि तिन्ही एकत्र. दांडी एका सरळ रेषेत सरकते, त्यामुळे दोन टोकांचे पिकअप मधल्याला वगळून तिला एकदम धरता येत नाहीत.

नेक-ऑन स्विच चालू असताना ब्रिजच्या, म्हणजे पहिल्या, खटक्यावर ब्रिज व नेक वाजतात, दुसऱ्या खटक्यावर तिन्ही. उरलेल्या खटक्यांवर नवे काही मिळत नाही. मधल्यावर मधला व नेक ही चौथ्या खटक्याची जुळणीच पुन्हा येते, आणि चौथ्या-पाचव्यावर नेक आधीच चालू असतो. म्हणजे सगळा खटाटोप दोन आवाजांसाठी. त्यांतला ब्रिज-नेक हा खरा मोलाचा. फेंडरच्याच दोन पिकअपच्या टेलिकास्टर गिटारच्या मधल्या खटक्याच्या जवळ जाणारा, कॉर्ड वाजवताना प्रत्येक तार सुटी ऐकू येईल असा तो आवाज आहे. तिन्ही पिकअपची जुळणी मात्र दुसऱ्या-चौथ्या खटक्याहून फार वेगळी वाटत नाही. ती फुकट मिळते एवढेच.

आवाजातला हा फरक पिकअपच्या जागेमुळे पडतो. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर असते आणि नेक पिकअप ब्रिजपासून जवळपास तिच्या एक चतुर्थांश अंतरावर बसतो. तिथे तारेचा मूळ स्वर भरदार पकडला जातो. ब्रिजलगत तार कमी हलते, पण वरचे सूक्ष्म स्वर ठळक येतात. दोन्ही जोडले की काही स्वर एकमेकांना बळ देतात, काही खोडतात. शिवाय समांतर जोडणीत एकूण इंडक्टन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला विरोध करण्याचा गुंडाळीचा गुण) साधारण निम्म्यावर येतो, म्हणून आवाज अधिक उजळ होतो.

गुरगुर हा या जुळणीचा कमकुवत भाग. एका गुंडाळीचा पिकअप विजेच्या तारांतला हम, म्हणजे ही गुरगुर, उचलतो. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. अनेक नव्या गिटारींत मधला पिकअप उलट गुंडाळून, उलट ध्रुवाचे चुंबक घालून बसवलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या खटक्यावर हम बराचसा विरतो. ब्रिज आणि नेक मात्र सहसा एकाच दिशेने गुंडाळलेले असतात. त्यांच्या जोडीत हम जशास तसा राहतो.

जोडणी सोपी आहे. साधा चालू-बंद मिनी टॉगल पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो सहज मिळतो, गिटारचे दुकान गाठायलाच हवे असे नाही. एक वायर मुख्य स्विचवरच्या नेक पिकअपच्या टोकापासून टॉगलला, आणि दुसरी टॉगलपासून व्हॉल्यूम पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या नियंत्रणाच्या) आत येणाऱ्या टोकाला. ही दुसरी वायर चुकून पॉटच्या मधल्या, बाहेर जाणाऱ्या टोकाला जोडली तर टॉगल चालू असताना व्हॉल्यूम नीट काम करत नाही. पिकगार्ड (पिकअप आणि स्विच ज्यावर बसवलेले असतात ते पातळ आवरण) परत बसवण्याआधी केबल ॲम्पला लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच टिचकी मारावी. चालू असलेला पिकअप ठक्क करतो, बंद असलेला जवळजवळ गप्प राहतो. जोडी लावल्यावर आवाज एकदम बारीक, नाकातला आला तर दोन पिकअप विरुद्ध कलेत (फेजमध्ये) आहेत, म्हणजे एकमेकांचा आवाज खोडत आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवले की असे घडते, आणि एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की बहुधा सुटते. मात्र त्या पिकअपचे धातूचे आवरण अर्थला जोडलेले असेल तर आधी ती जोडणी वेगळी करावी लागते.

टॉगलसाठी पिकगार्डला सुमारे सहा मिलिमीटरचे भोक पाडावे लागते. जुन्या, संग्राह्य गिटारवर ते कधीच पाडू नये. किंमत घटते आणि भोक बुजवता येत नाही. अशा वेळी टोन पॉट काढून पुश-पुल पॉट (वर ओढला की स्विचचेही काम करणारा) बसवतात, गिटार बाहेरून आहे तशीच दिसते. पातळ लाकडाच्या स्वस्त गिटारींत या पॉटची उंची मावते का, हे आधी मोजून पाहावे. दुसरा पर्याय ब्लेंडरचा : एका टोन पॉटच्या जागी असा पॉट, की तो फिरवत गेल्यावर नेक पिकअप हळूहळू मिसळत जातो. त्यात एक टोन नियंत्रण गमवावे लागते, पण अनेक वादकांना त्याची उणीव भासत नाही.

फेंडर कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर यांनी पुढे काढलेल्या जी अँड एल कंपनीच्या एस-५०० या गिटारमध्ये हाच मिनी टॉगल कारखान्यातूनच बसवलेला येत असे. याच्या दुसऱ्या टोकाला क्वीनचे ब्रायन मे यांनी वडिलांसोबत १९६३ पासून घरी घडवलेली रेड स्पेशल. तिच्या तिन्ही पिकअपना चालू-बंदचा आणि कला उलटण्याचा असे स्वतंत्र स्विच आहेत, आणि पिकअप समांतर नसून एकामागून एक जोडलेले आहेत. जुळण्या त्यामुळे कितीतरी वाढतात, पण गाण्याच्या मध्यावर एक आवाज बदलायला कधी दोन-तीन स्विच हलवावे लागतात.