बत्तीस बोअरनं माणूस पडत नाही?

‘बत्तीसनं काय होतंय? घ्यायचं तर पंचेचाळीस घे, गोळी लागली की समोरचा चार फूट मागं उडतो.’ बीड-परभणीकडं पिस्तुलाचा नवा परवाना निघाला की हा सल्ला हमखास मिळतो. तो धादांत चुकीचा आहे. (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास: बत्तीस म्हणजे साधारण 0.32 इंच, पंचेचाळीस म्हणजे 0.45 इंच.)

पंचेचाळीसची गोळी साधारण 15 ग्रॅमची, वेग सेकंदाला 260 मीटरच्या आसपास. तिचा सगळा जोर 70 किलोच्या माणसात मुरला, तरी तो सेकंदाला जेमतेम 5-6 सेंटिमीटर वेगानं सरकेल. समोरचा उडत असता तर झाडणाराही तितक्याच जोरानं मागं फेकला गेला असता! परिणाम ठरतो तो गोळी कुठं लागते आणि किती खोल जाते यावर. बत्तीसची गोळीही जीव घेते, हे विसरू नका. शिवाय मोठ्या बोअरचा झटका जास्त, नवख्याचा नेम हुकतो, आणि हुकलेली गोळी शेजाऱ्याच्या घराचा पत्रा सहज भेदते.

नऊ एमएमचं तर नावच काढू नका. ते प्रतिबंधित बोअर आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या साध्या परवान्यावर मिळत नाही. बेकायदा सापडलं, तर शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार किमान 7 वर्षं कैद.