बॅरिॲट्रिक शल्यविशारद

बॅरिॲट्रिक शल्यविशारद : तीव्र स्थूलतेवर शस्त्रक्रियेने उपचार करणारा डॉक्टर. ‘बारोस’ म्हणजे वजन या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. बोलताना त्याला ‘वजन कमी करण्याचे ऑपरेशन करणारे डॉक्टर’ म्हणतात आणि त्यातून एक गैरसमज पसरतो. या शस्त्रक्रियेत चरबी काढत नाहीत. चरबी ओढून घेणे हे प्लास्टिक सर्जनचे काम आहे. बॅरिॲट्रिक सर्जन जठर आणि लहान आतड्याची रचना बदलतो, त्यामुळे भूक, तृप्ती आणि रक्तातील साखर बदलते आणि मग वजन उतरते. यांतील बहुतेक शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होतात. त्यामुळे एकाच कारकिर्दीत दोन विद्या आत्मसात कराव्या लागतात : दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि चयापचयाची जाण.

इतिहास. अमेरिकेत १९५४ च्या सुमारास लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला आडवाट देण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. वजन उतरे, पण कालांतराने काही रुग्णांचे यकृत निकामी होई, मूत्रपिंडात खडे होत. शेवटी ती पद्धत सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांना वेगळी वाट सुचली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुन्हा वाढत नाही, ही गोष्ट शल्यविशारदांच्या परिचयाची होती. त्यावरून मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाला एक लहान पिशवी उरते आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात.

त्या काळी पोट उभे चिरावे लागे. जाड चरबीतून गेलेली ती जखम चिघळे आणि पुढे तिथेच हर्निया होई. खुद्द शस्त्रक्रियेपेक्षा हा छेदच रुग्णाला अधिक छळत असे. १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले, त्यानंतर काही वर्षांतच शल्यचिकित्सेचे रूप पालटले. बायपाससारखी गुंतागुंतीची जोडणी दुर्बिणीतून करता येते, हे अमेरिकेत ॲलन विटग्रोव्ह आणि वेस्ली क्लार्क यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दाखवून दिले.

आज जगात सर्वाधिक होणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया खरे तर तडजोडीतून आली. अतिशय वजनदार रुग्णांना दीर्घ शस्त्रक्रिया झेपत नसे, म्हणून पहिल्या टप्प्यात फक्त जठर अरुंद करायचे आणि वजन उतरल्यावर आतड्याचा भाग उरकायचा, असे ठरले. पण अनेकांचे वजन पहिल्या टप्प्यातच इतके उतरले की दुसऱ्याची गरजच पडली नाही. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते.

प्रशिक्षण आणि हाताची घडण. सर्वसाधारण शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर शिक्षणानंतर या शाखेची वेगळी फेलोशिप करतात. दुर्बिणीत हात डावीकडे नेला की उपकरणाचे टोक उजवीकडे जाते. पडद्यावरचे चित्र सहसा सपाट असते, खोली अंदाजाने ओळखावी लागते, आणि बोटांना उतीचा स्पर्श जेमतेम कळतो. पोटात जागा करण्यासाठी पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर दाबाने कार्बन डायऑक्साइड भरतात. हा वायू पेट घेत नाही, त्यामुळे विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवता येतो. रक्तात विरघळून तो फुप्फुसांवाटे निघूनही जातो. स्थूल रुग्णात पोटाची जाड भिंत उपकरणांना अडवते आणि चरबीने सुजलेले यकृत जठराच्या वरच्या भागावर पसरलेले असते. म्हणून आधी सुमारे दोन आठवडे अत्यंत कमी उष्मांकांचा आहार देतात. वजन घटवणे हा त्याचा मुख्य हेतू नसतो. यकृत आकसून वाट मोकळी व्हावी यासाठी तो असतो.

हातातल्या कौशल्याने किती फरक पडतो, हे या शाखेने धाडसाने तपासले. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील २० बॅरिॲट्रिक सर्जननी स्वतःच्या बायपासचे चित्रीकरण दिले आणि ते कोणाचे आहे हे न सांगता सहकाऱ्यांनी त्याला गुण दिले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, तर सर्वाधिक गुण मिळालेल्या गटात ५.२ टक्के. आपले काम असे उघड तपासू देण्याची तयारी इतर शाखांनीही अंगी बाणवावी अशी आहे.

चयापचयाचा शोध. जठर लहान केले की माणूस कमी खातो, एवढेच सुरुवातीचे स्पष्टीकरण होते. पण बायपासनंतर काही दिवसांतच, वजन फारसे उतरण्याआधी, अनेकांची रक्तातील साखर आटोक्यात येऊ लागे. अमेरिकी सर्जन वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये आपल्या मधुमेही रुग्णांचे दीर्घकाळचे निष्कर्ष मांडले, तेव्हा या निरीक्षणाकडे दुर्लक्ष करणे अशक्य झाले. भुकेचे संप्रेरक घ्रेलिन १९९९ मध्ये सापडले. ते मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते, तोच भाग स्लीव्हमध्ये निघून जातो. बायपासनंतर अन्न आतड्यात लवकर पोहोचते आणि इन्शुलिनला चालना देणारे जीएलपी-१ वाढते. स्थूलतेवरील नवी इंजेक्शने याच संप्रेरकाची नक्कल करतात.

निवड. १९९१ च्या अमेरिकी निकषांनुसार बीएमआय (वजन आणि उंचीवरून काढलेला निर्देशांक) ४०, किंवा सोबत गंभीर आजार असल्यास ३५, ही मर्यादा होती. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती ३५ वर, आणि चयापचयाचा आजार असल्यास ३० वर आणली. आशियाई लोकांत कमी वजनातही मधुमेह होतो, म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार सुचवला आहे.

शस्त्रक्रियेनंतर. पहिल्या दिवसांत सर्जनचे लक्ष नाडीवर असते. स्टेपलच्या रेषेतून गळती झाली, तर ताप किंवा पोटदुखीच्या आधी नाडी वेगाने धावू लागते. १२० च्या वर टिकलेली नाडी दुर्लक्षिणे जिवावर बेतू शकते. बायपासनंतरचा दुसरा धोका महिन्यांनी किंवा वर्षांनी येतो. पोटातली चरबी वितळते, आतड्याच्या नव्या जोडणीमागच्या फटी रुंदावतात आणि त्यात आतडे अडकून पिळले जाते. म्हणजे शस्त्रक्रियेच्या यशातूनच हे संकट उद्भवते. म्हणून या फटी शस्त्रक्रियेतच शिवून टाकतात. कळ येऊन-जाऊन असली, तरी बायपास झालेल्या माणसाची पोटदुखी अपचन समजून परत पाठवू नये, हे तातडीच्या विभागातील प्रत्येक डॉक्टरला माहीत असायला हवे.

वजन उतरू लागले की प्रजननक्षमता झपाट्याने सुधारते, म्हणून स्त्रियांना १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला आधीच द्यावा लागतो. सतत उलट्या होत असतील, तर थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. अशा वेळी ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन देतात. लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते. ब-१२ ची गोष्ट वेगळी. त्याचा साठा यकृतात वर्षानुवर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा दिसते, नेमकी रुग्ण तपासणीला येईनासे झाल्यावर. पायांना मुंग्या येऊन तोल जाऊ लागेपर्यंत नसांना झालेली इजा काही वेळा भरून येत नाही. म्हणून जुन्या रुग्णांना फोन करून वार्षिक रक्ततपासणीला बोलावणे हेही चांगल्या पथकाच्या नेहमीच्या कामात मोडते.